कुडाळातला आवाजाचा वर्ग: चार रविवार जाऊन आले, त्याबद्दल

गेल्या पावसाळ्यात चार रविवार मी कुडाळला आवाजाच्या वर्गाला जात होते. गटातल्या बऱ्याच जणी विचारतायत की कसा आहे, पैसे वसूल होतात का, तिथे नक्की शिकवतात काय, गाणं की भाषण, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते. गाणं नाही, चारचौघांत बोलताना आवाज कसा लावायचा ते शिकवतात. लांब होईल, पण अर्धवट सांगितलं तर चुकीचं कळेल.

आधी माझं सांगते. मी मालवण तालुक्यातली, बचत गटाचं काम करते, प्रभागसंघाची, म्हणजे बचत गटांच्या संघाची, सचिव आहे. काजू, कोकम, आगळ, उन्हाळ्यात फणसपोळी. हिशेब, बँकेचे कागद, ऑर्डरी, पॅकिंग सगळं मला येतं आणि नीट येतं. पण आवाज बारीक, लहानपणापासून. एकेचाळीस वर्षांची आहे तरी फोनवर अजून कोणीतरी विचारतं, "आवशीक दी गो फोन", म्हणजे आईला दे गं फोन.

दोन वर्षांपूर्वी एक बैठक होती, कुठली ते सांगत नाही. मी उठून सांगितलं की आमच्या शेडकडे जायचा रस्ता पावसात बंद होतो, टेम्पो वर चढत नाही, बायका डोक्यावरून गोणी खाली आणतात, तर निदान चढणीपुरतं काँक्रीट व्हायला पाहिजे. साहेब मोबाईल बघत होते, मान हलवली, पुढे गेले. दहा मिनिटांनी शेजारच्या गावचे एक गृहस्थ उठले आणि अगदी तेच बोलले, रस्ता, चढण, टेम्पो, काँक्रीट. आवाज जाड, सावकाश. साहेबांनी मोबाईल खाली ठेवला आणि क्लार्कला म्हणाले, महत्त्वाचा मुद्दा आहे, लिहून घ्या. माझ्या बाजूला आमच्या वहिनी बसल्या होत्या, त्यांनी नुसता माझा हात दाबला. त्या गृहस्थांवर माझा राग नाही, ते खरंच बोलत होते. पण त्या रात्री मला झोप आली नाही.

मग मी एका मोठ्या शहरात हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवसांचा पर्सनॅलिटीचा कोर्स केला, साडेचार हजार घालून. तिथले सर म्हणाले की लीडरसारखं वाटायचं तर आवाज खाली आणा, पोटातून जाड काढा, आणि तुमचा तो कोकणी हेल आहे ना तो आधी काढून टाका. मी घरी येऊन आठ दिवस तसं बोलत होते, नवव्या दिवशी घसा बसला तो पंधरा दिवस बसलेलाच. धाकटा मुलगा म्हणायचा, आई तू अशी का बोलतेस, तू रागावलीयस का.

एवढं झाल्यावर मी परत दुसऱ्या क्लासला गेले ते फक्त आमच्या गटातली एक जण आधी जाऊन आली होती म्हणून.

क्लासला नाव असं काही नाहीच. बोर्डही नाही. एसटी स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर एक जुनं घर आहे, खाली गोदाम, वर लांबलचक खोली, जिन्याच्या दारावर कागद चिकटवलेला, 'आवाजाचा वर्ग, वरती'. शिकवणारे दोघं. एक मॅडम, त्या स्पीच थेरपिस्ट, बरीच वर्षं मुंबईत हॉस्पिटलात काम करून आता गावी आल्यात. आणि दुसरे काका, दशावतारातले, म्हणजे आमच्याकडे जत्रांत रात्रभर चालतं त्या नाटकातले. पंचवीसेक वर्षं स्त्रीपार्ट केला, मग वय झाल्यावर राजपार्टाकडे आले. म्हणून हा वर्ग पावसातच असतो, तुळशीचं लग्न झालं की काकांच्या जत्रा सुरू होतात आणि मग मे महिना संपेपर्यंत ते रात्रीचे घरी नसतात. आम्ही बाराजण होतो, आठ बायका चार बाप्ये.

पहिल्या रविवारी मॅडमनी कोणालाच भाषण करायला लावलं नाही, मला वाटलं होतं स्टेजवर उभं करतील. त्यांनी आवाज कसा निघतो तेच दोन तास समजावलं. स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात, श्वास बाहेर जाताना ते एकमेकांवर आपटतात, आणि सेकंदाला किती वेळा आपटतात त्यावर आवाज उंच की खालचा ते ठरतं, त्याचं माप हर्ट्झ. बाप्यांचे तंतू लांब आणि जाड, वयात येताना वाढतात, म्हणून त्यांचं बोलणं साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतं, आपलं बायकांचं १६५ ते २५५ मध्ये. म्हणजे तारा लांब आणि जाड तर सूर खाली, एवढंच. त्यात अक्कल, धैर्य, अनुभव कुठेच येत नाही. हे मॅडमनी मुद्दाम दोनदा सांगितलं.

मग एकेकाची पट्टी, म्हणजे बोलायचा नेहमीचा सूर, काढली, आणि ते मला फार आवडलं. मॅडम लॅपटॉपवर प्राट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज घेत होत्या (हे फुकट मिळतं, नेदरलँड्समधल्या अॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञांनी केलेलं) आणि बाजूला काका पेटी घेऊन बसलेले. मी माझं नाव, गाव आणि आज सकाळी काय रांधलं ते सांगितलं. माझं होईपर्यंत काका एकेक पट्टी दाबून बघत होते, मग एका काळ्या पट्टीवर बोट ठेवून थांबले, खालच्या सप्तकातली काळी पाच. लॅपटॉपवर सरासरी आली २३२ हर्ट्झ. मॅडम म्हणाल्या, काळी पाच म्हणजे २३३. काकांनी लॅपटॉपकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "बाय, तुझो आवाज बारीक नाय गो, तुझो दम बारीक आसा." म्हणजे श्वास. आणि खरंच, मी एका श्वासात दोन-दोन वाक्यं कोंबत होते, कोणी मधे तोडेल म्हणून घाईघाईत.

दुसरा रविवार माझ्यासाठी सगळ्यात जड गेला. मॅडमनी सगळ्यांना तेच एक वाक्य बोलायला लावलं, "रस्त्याचा ठराव आजच घ्यायला पाहिजे", आणि माझं रेकॉर्डिंग घेऊन त्याच्या दोन प्रती केल्या, एक २० हर्ट्झ वर चढवलेली, एक २० हर्ट्झ खाली उतरवलेली. कोणाचा आवाज ते सांगितलं नाही. दोन्ही ऐकवून विचारलं, यातली कोण तुम्हाला सरपंच म्हणून चालेल. अकरा हात वर झाले, अकराही खालच्या आवाजाला. त्यात एक हात माझाच होता. मी माझ्याच आवाजाला नापास केलं होतं आणि मला कळलंही नव्हतं. मॅडमनी सांगितल्यावर मी थोडा वेळ खिडकीकडे जाऊन उभी राहिले.

मग त्यांनी सांगितलं की हे आपल्यापुरतं नाही. २०१२ साली अमेरिकेतल्या क्लोफस्टॅड, अँडरसन आणि पीटर्स या तिघांनी हाच प्रयोग केला, बायकांचे आणि पुरुषांचे आवाज घेऊन, सगळ्यांचं वाक्य एकच, की या नोव्हेंबरात मला मत द्या, आणि कॉम्प्युटरवर वर-खाली करून लोकांना ऐकवले. लोकांनी खालचा आवाज निवडला. बायकांचा आवाज असो की पुरुषांचा, ऐकणारी बाई असो की बाप्या. त्याच वर्षी त्यातल्या दोघांनी शाळेच्या पालक संघटनेचं अध्यक्षपद वगैरे, जिथे जास्त करून बायकाच असतात, अशा पदांसाठीही तपासलं, तिथेही खालचा आवाजच. आणि २०१३ चा एक अभ्यास आहे ७९२ कंपन्यांच्या साहेबांचा, सगळे पुरुष, त्यात आवाज सुमारे २२ हर्ट्झने खाली असला तर कंपनी ४४ कोटी डॉलरने मोठी आणि पगार वर्षाला १ लाख ८७ हजार डॉलरने जास्त, असा संबंध दिसला. आमच्यातले एकजण म्हणाले, म्हणजे आवाजामुळे पगार मिळतो? मॅडम म्हणाल्या, संबंध दिसतो, त्यामुळेच होतं असं त्यावरून म्हणता येत नाही.

मी विचारलं, मग तो शहरातला सर बरोबरच सांगत होता ना, आवाज खाली आणा म्हणून?

मॅडम म्हणाल्या, थांबा, पुढचं ऐका. ज्यांनी ते पहिले प्रयोग केले त्यांच्यातल्याच दोघांनी २०१८ मध्ये हेही तपासलं की खालच्या आवाजाची माणसं खरंच चांगली नेतृत्व करतात का. तसं काही निघालं नाही. आवाजावरून निवडून यायची शक्यता सांगता येते, लायकी नाही. म्हणजे ऐकणाऱ्याचा कान एक सवय लावून बसलाय आणि ती सवय चुकते.

एवढं कोणी मला आधी सांगितलं असतं तर.

ब्रिटनच्या मार्गारेट थॅचरचंही त्यांनी सांगितलं, १९७५ ला पक्षाची नेता झाल्यावर आवाज कर्कश वाटतो म्हणायचे लोक, तर गॉर्डन रीस नावाच्या सल्लागाराने तिला आवाजाचे धडे घ्यायला लावले आणि आवाज खाली आणला, १९७९ ला पंतप्रधान झाली. आणि ऑस्ट्रेलियात तरुण मुलींची १९४५ ची रेकॉर्डिंग आणि १९९३ ची रेकॉर्डिंग ताडून बघितली तर सरासरी २२९ हर्ट्झवरून २०६ वर आलेली. पन्नास वर्षांत बायकांचे घसे काही बदलले नाहीत, बोलायची पद्धत बदलली असावी, बाहेर कामाला लागल्यावर. हे ऐकून मला बरं वाटलं की वाईट, अजून ठरवता येत नाही. एवढ्या बायकांनी आवाज खाली घेतला तो त्यांना तसं बोलायला आवडलं म्हणून की वर ठेवला तर कोणी ऐकेना म्हणून?

आता ती मावशी. आमच्यात मालवणच्या एक मावशी होत्या, मासे विकतात, पन्नाशीच्या पुढच्या. त्यांनी त्या सरपंचाच्या प्रयोगात हात वरच केला नव्हता. मॅडमनी विचारलं तर म्हणाल्या, "काम कोण करतला ता आवाजार कसा कळतला?" मला तेव्हाच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण त्यांचा स्वतःचा प्रश्न वेगळा होता. त्यांचा आवाज माझ्याहून उंच, आणि जेटीवर लिलावाला उभ्या राहिल्या की चार ट्रॉलरवाले गप. आणि तीच बाई कार्ड दुरुस्तीला सरकारी खिडकीशी गेली की कोणी मान वर करत नाही. त्या म्हणाल्या, "जेटीवर माझो आवाज चलता, मगे हापिसात कित्या चलणा नाय?"

हाच खरा प्रश्न आहे असं मला वाटतं, आणि या वर्गाला मी एवढे मार्क देतेय ते त्याच्या उत्तरासाठी. मॅडमनी मावशींची दोन रेकॉर्डिंग लावली. एकात त्या गिऱ्हाईकाला सांगतायत, "पाचशेक देतंय, घेवचा तर घे." दुसऱ्यात खिडकीशी, "सायबांनू, माझा जरा ता कार्डाचा होता, म्हणजे बघशात तर..." पट्टी दोन्हीकडे जवळपास तीच, लॅपटॉपवर रेघ दिसत होती. फरक शेवटाला. पहिल्या वाक्यात शेवटी रेघ खाली उतरून टेकली. दुसऱ्यात वर गेली आणि मधेच तुटली, वाक्य पुरं झालंच नाही.

मॅडम म्हणाल्या, आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. मी हे शाळेत शिकलेय, मुलांना शिकवलंय, पण त्याचा असा विचार कधी केला नव्हता. मराठीत सगळं वाक्य झालं तरी शेवटचा शब्द येईपर्यंत कळत नाही की पाहिजे की नको, झालं की झालं नाही, करा की करू नका. आणि दम संपतो तो नेमका तिथेच. म्हणजे रस्त्याचं, चढणीचं, टेम्पोचं, गोणींचं सगळं मी मोठ्याने सांगत होते आणि 'व्हायला पाहिजे' हे दोन शब्द, ज्यासाठी उभी राहिले होते, ते पदराआड बोलत होते. साहेबांना माझी मागणी ऐकूच गेली नसेल कदाचित, नुसती तक्रार ऐकू गेली असेल. त्यात त्यांचं चुकलं नाही असं मी म्हणत नाही. त्यांनी मोबाईल ठेवायलाच हवा होता. पण माझ्या हातात होतं ते काय, ते मला पहिल्यांदा कळलं.

मधे गणपती आले, एक रविवार सुट्टी. परत गेलो तेव्हा सगळ्यांचे घसे भजनं आणि आरत्यांनी बसलेले, दोघांचा तर आवाजच येईना. मॅडमनी त्या दिवशी पहिला तासभर कोणाला बोलूच दिलं नाही, कुजबुजायलाही नाही, म्हणाल्या कुजबुजण्यानेही घशाला ताण पडतो. कोमट पाणी प्या, सारखं खाकरू नका, आणि तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला राहिला तर काढे करत बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. मला शहरातल्या कोर्सनंतर झालं होतं ते का, तेही विचारून घेतलं. आपल्या पट्टीच्या फार खाली जबरदस्तीने बोललं की घशाचे स्नायू आवळले जातात आणि आवाज खरखरतो. काकांनी पेटीवर दाखवलं, माझी बोलायची पट्टी काळी पाच, तिथून एखाद-दुसरी पट्टी खाली मी आरामात उतरते, आणि निवांत असले की आपोआप उतरते. घाबरले की चढते. म्हणजे मुद्दाम खाली ओढायची गरज नाही, श्वास पुरा घेतला की तो जागेवर येतो.

आमच्यात एक चोवीस वर्षांचा मुलगा होता, त्याचंही सांगते कारण घराघरात असा कोणी असतो आणि कोणी बोलत नाही. त्याचा आवाज फुटलाच नव्हता, वयात येऊनही बायकांच्या पट्टीत. फोनवर लोक त्याला मॅडम म्हणतात, मित्र नको ते बोलतात. मॅडमनी त्याला वर्गात सगळ्यांसमोर काहीच करायला लावलं नाही, बाजूला घेऊन सांगितलं की याला उपचार आहेत, आधी डॉक्टरकडून घसा तपासून घे आणि मग व्हॉइस थेरपी, बहुतेकांना गुण येतो. त्याचे पैसे परत देत होत्या, त्याने घेतले नाहीत, तो काकांसाठी येत राहिला. ही गोष्ट मला फार मोठी वाटली. सगळ्यांना एकाच मापाने मोजायचं आणि फी खिशात टाकायची, असं इथे नाही.

आता काकांचा भाग. दशावताराला लिहिलेली संहिता नसते हे आपल्याला माहीत आहे, आख्यान ठरतं आणि नट उभ्या उभ्या बोलतो. सगळी रात्र. काका म्हणाले की रात्री तीनला अर्धी माणसं झोपलेली असतात तेव्हा नवा नट काय करतो, तर ओरडतो. "बोंब मारू नको, गप रव. मगे बघ, डोळे उघडतत." आणि त्यांनी करून दाखवलं. स्त्रीपार्टाचा आवाज काढला, राणीचा, राजाला नकार देते ती. उंच आवाज, माझ्याहून उंच. "महाराज", आणि थांबले. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. इतका वेळ थांबले की मला वाटलं विसरले. मग म्हणाले, "हे होणार नाही." शेवटचा 'नाही' पूर्ण, सावकाश, खाली टेकवलेला. खोलीतलं कोणी हललं नाही. बारीक आवाजात अधिकार नसतो म्हणणाऱ्याला मी त्या खोलीत नेऊन बसवलं असतं.

आणि हेलाचं. मी घाबरत विचारलं की हेल काढून टाकायचा का. काका हसले नाहीत, उलट गंभीर झाले. म्हणाले हेल हा आपला चढ-उतार आहे, तो काढलास तर सगळं वाक्य सपाट होतं आणि माणूस पाठ केल्यासारखा बोलतो. हेल मधे असू दे, शेवटाला उतर. मला हे कोणीतरी म्हणायला हवं होतं. आपल्या किती मुलांना मुंबई-पुण्यात हेलावरून हिणवतात आणि ती गप्प गप्प होतात.

शेवटच्या रविवारी गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्याने मागणं मांडतात ते. आमच्याकडे गाऱ्हाणं बाप्येच घालतात, देवळात गावकर, घरात घरातला कर्ता. बायका मागे उभ्या राहून 'व्हय म्हाराजा' म्हणतात. काकांनी आम्हा आठही जणींना गाऱ्हाणं घालायला लावलं. देवळाचं नव्हे, आपलंच, आपल्या मागणीचं. आणि नियम एकच, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' तेव्हाच म्हणायचं जेव्हा वाक्य संपलं असं कानाला पटेल. मी सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, आमच्या वाडयेचो रस्तो..." आणि पहिल्या वाक्यानंतर कोणीच काही बोललं नाही. शांतता. कारण मी शेवट गिळला होता. परत घेतलं, परत शांतता. तिसऱ्या वेळी मी बोलायच्या आधी श्वास घेतला, पुरा, आणि "तो रस्तो येत्या पावसाच्या आधी होवचो" म्हणून थांबले, नुसती थांबले. आणि अकरा माणसं एकदम म्हणाली, "व्हय म्हाराजा." मला रडू आलं. मावशींनी पाठीवर हात ठेवला, त्यांच्या हाताला बांगड्याचा वास होता, रविवारचा धंदा आटपून आल्या होत्या.

लोकांना वाटेल एवढं काय त्यात. पण आयुष्यभर आपण ज्या वाक्याला उत्तर देत आलो ते वाक्य आपण बोललो आणि समोरून उत्तर आलं, हे काय असतं ते मला शब्दात सांगता येणार नाही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. कापणीचे दिवस, माणसं कमी. आमच्या सरपंच ताईच आहेत. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांना आहेत, आमच्या गावातही निम्म्या बायका आहेत, पण बोलणं अजून त्यांच्या घरच्यांचंच जास्त असतं. माझी पट्टी तीच होती, काळी पाच, कदाचित थोडी वरच. माईक तोंडाजवळ धरला, चार बोटांवर, कारण मॅडमनी सांगितलं होतं की साध्या माईकला जवळून बोललं की आवाजाला आपोआप भरीवपणा येतो आणि ओरडावं लागत नाही. तीन वाक्यं बोलले. प्रत्येक वाक्याचा शेवट टेकवला. आणि थांबले. मधे एकजण म्हणाले, "बघूया पुढच्या सभेत." मी म्हटलं, ठराव आज लिहून घ्या. आणि परत थांबले. ग्रामसेवकांनी वही पुढे ओढली. रस्ता झालेला नाही अजून, ठराव झालाय. वहीत माझं नाव सूचक म्हणून आहे.

आता वर्गात खटकलं तेही सांगते, कारण नुसतं चांगलं लिहिणं बरोबर नाही. जिना उभा आणि अंधारा, गुडघे दुखणाऱ्यांना कठीण, आमच्यातल्या एक आजी दर वेळी मधे बसत बसत चढायच्या. वर बायकांसाठी बाथरूम नाही, खाली गोदामाच्या मागे जावं लागतं आणि पावसात ते नको होतं. लाईट दोन रविवार गेली, त्यात लॅपटॉपची बॅटरी संपली आणि चार जणांची रेकॉर्डिंग राहिली ती राहिलीच. छापील काहीच देत नाहीत, मी वहीत लिहून घेतलं म्हणून हे सगळं आठवतंय. वेळ साडेदहा ते दोन सांगतात पण काका रंगात आले की तीन होतात, माझी एसटी दोनदा चुकली. आणि मला वाटतं की साहेब लोकांसाठी, बैठका घेणाऱ्यांसाठी पण असा एक रविवार हवा, ऐकायचा. मॅडमना म्हटलं तर म्हणाल्या की दोनदा विचारून बघितलं, कोणी येत नाही. हे मला सगळ्यात जास्त खटकलं. चार रविवार घसा आम्हीच तयार करायचा आणि कान कोणी तयार करायचे नाहीत, असं कसं चालेल.

चार रविवारांचे अठराशे रुपये घेतात, गटातून तिघी-चौघी एकदम गेलात तर थोडे कमी करतात. चहा आणि घावणे देतात मधे, घावणे चांगले असतात. फोनवर रोज सकाळी एक मिनिट बोलून पाठवायचं असतं महिनाभर, मॅडम खरंच ऐकतात आणि उत्तर देतात, मला दोनदा "शेवट कुठे गेला?" एवढंच लिहून आलं होतं. पाचपैकी साडेचार देईन, अर्धा जिन्याचा आणि बाथरूमचा कापला.

पुढची बॅच नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी सुरू होईल असं काका म्हणाले. बाराच जण घेतात म्हणून आधी सांगून ठेवा. जाणार असाल तर छत्री, वही आणि कोमट पाण्याची बाटली घरून न्या, वर नळ नाही. मी यंदा वहिनींना पाठवतेय.